७/८ म्हणजे नेमका कोणता दिवस?

समजा, तुम्ही तिरुनीलक्कुडीत राहता. कुंभकोणमहून कारैक्कालच्या दिशेनं निघालं की वाटेत लागणारं हे छोटं गाव. गावात नीलकंठेश्वराचं जुनं मंदिर आहे, सभोवती कावेरीच्या पाण्यावर पिकणारी भातशेती आहे. तुमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरकडचं. घरात तंजावरी मराठी, दाराबाहेर तमिळ, आणि फोनवर दोन्ही भाषा अधिक इंग्रजी.

तुमच्या वडिलांना ऐंशी वर्षं पूर्ण होणार आहेत. या भागात साठाव्या आणि ऐंशीव्या वाढदिवसाचा विधी तिरुक्कडैयूरच्या मंदिरात करायची पद्धत आहे. दूरदूरची जोडपी त्यासाठी तिथं येतात. तुम्ही दिवस नक्की करता, गुरुजींशी बोलता, आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळ टाकता:

“अप्पांचा ऐंशीवा, ०७/०८/२०२६, तिरुक्कडैयूर. सगळ्यांनी यायचंच!”

पुण्याच्या आत्या लगेच अंगठा दाखवतात. न्यू जर्सीत वाढलेला तुमचा भाचा लाल बदाम टाकतो. दोन आठवड्यांनी त्याचा फोन येतो. “मामा, सुट्टी मंजूर झाली. तिकिटं काढली. सहा जुलैला पोचतो, बाराला परत.”

तुम्ही क्षणभर गप्प. कारण कार्यक्रम सात ऑगस्टला आहे.

यात चूक कोणाची? खरं सांगायचं तर कोणाचीच नाही. तुम्ही बरोबर लिहिलंत. त्यानंही बरोबर वाचलं. फक्त तुम्ही दिवस आधी लिहिलात आणि त्यानं महिना आधी वाचला. पण बदलून न मिळणारी तिकिटं, कशीबशी मिळवलेली सुट्टी आणि नातवाची वाट पाहणारे आजोबा, हे सगळं त्या दोन आकड्यांमध्ये अडकलं.

जग तारीख कशी लिहितं?

ढोबळमानानं जगात तारीख लिहिण्याच्या तीन रीती आहेत.

पहिली आपली: दिवस, महिना, वर्ष. भारत, ब्रिटन, युरोपातले बहुतेक देश, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका याच रीतीनं लिहितात. लहानाकडून मोठ्याकडे जाणारी ही पद्धत.

दुसरी चीन, जपान, कोरिया, हंगेरी या देशांची: वर्ष, महिना, दिवस. ही मोठ्याकडून लहानाकडे जाते, जणू आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव.

तिसरी अमेरिकेची: महिना, दिवस, वर्ष. मधला आधी, लहान मध्ये, मोठा शेवटी. ऐकायला विचित्र वाटतं, पण अमेरिकन माणूस बोलतानाही तसंच बोलतो. आपण “सात ऑगस्ट” म्हणतो, तो “ऑगस्ट सात” म्हणतो, आणि जसं बोलतो तसंच लिहितो. गंमत म्हणजे स्वातंत्र्यदिनाचा उल्लेख करताना मात्र तोच माणूस “फोर्थ ऑफ जुलै” असं दिवस आधी घेऊन बोलतो. त्याच्या पासपोर्टवरही जन्मतारीख दिवस आधी, मग अक्षरांत महिना, मग वर्ष अशीच छापलेली असते. सीमेवरच्या अधिकाऱ्याचा गोंधळ होऊन चालत नाही, हे त्यांच्या सरकारलाही ठाऊक आहे!

आपणही काही कमी नाही. मुंबईवरच्या हल्ल्याला आपण “२६/११” म्हणतो. इथे दिवस आधी. न्यूयॉर्कवरच्या हल्ल्याला “९/११” म्हणतो. इथे महिना आधी. एकाच वर्तमानपत्रात, कधीकधी एकाच वाक्यात, दोन उलट्या रीती शेजारी शेजारी असतात आणि आपल्याला काहीच खटकत नाही, कारण त्या घटना आपल्याला आधीच माहीत असतात. पण शाळेतल्या एखाद्या मुलीला “९/११ ला काय झालं?” असं विचारा. आपल्या रीतीनं ती ९ नोव्हेंबर वाचेल. १९८९ साली त्याच दिवशी बर्लिनची भिंत कोसळली होती. तिचं उत्तर चूक म्हणता येईल का?

वर्षातले १३२ फसवे दिवस

ही अडचण रोज येत नाही, म्हणूनच ती जास्त धोक्याची आहे.

२५/०७ असं लिहिलं तर कोणाचाही गोंधळ होत नाही, कारण पंचविसावा महिना नसतो. ०५/०५ मध्येही काही बिघडत नाही. गोंधळ होतो तो दिवस १ ते १२ यांच्यामधला असेल आणि महिन्याच्या आकड्यापेक्षा वेगळा असेल तेव्हा. असे दिवस दर महिन्यात ११, म्हणजे वर्षाला १३२. वर्षातल्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त दिवस दोन तऱ्हांनी वाचता येतात.

संगणकावर तर हे आणखी गुपचूप घडतं. ज्या संगणकाची मांडणी अमेरिकन आहे, त्यावर एक्सेलमध्ये २५/०७/२०२६ टाइप केलंत तर त्याला ती तारीख म्हणून कळतच नाही. तो ती साध्या अक्षरांसारखी ठेवून देतो. पण ०७/०८/२०२६ टाइप केलंत, की तो काही न बोलता ८ जुलै समजतो. म्हणजे यादीतल्या काही तारखा बिघडतात आणि काही ठीक राहतात. सगळ्याच बिघडल्या असत्या तर लगेच लक्षात आलं असतं. अर्धवट बिघाड महिनोन्‌महिने लपून राहतो.

घरातही हेच. परदेशातून कोणी आणलेल्या डब्यावर किंवा औषधाच्या बाटलीवर मुदत ०४/०९/२६ अशी छापलेली असते. ती ४ सप्टेंबरला संपते की ९ एप्रिललाच संपली? लहान मुलाच्या औषधाबाबत हा प्रश्न पाच महिन्यांच्या फरकाचा असतो.

बावीस आणि इरुबत्तिरेंडु

“पण आपलीच पद्धत सरळ आहे, नाही का?” असं मनात येणं साहजिक आहे. लहान, मधला, मोठा. यात चूक ती काय?

जरा आपल्या आकड्यांकडे पाहा. आपण “बावीस” म्हणतो, म्हणजे आधी दोन, मग वीस. “पंचाहत्तर” म्हणजे आधी पाच, मग सत्तर. एकक आधी, दशक नंतर. तुमचा तमिळ शेजारी मात्र “इरुबत्तिरेंडु” म्हणतो, म्हणजे आधी वीस, मग दोन. त्याला आपली मोजणी उलटी वाटते. आपण मात्र आयुष्यभर बोललो आणि कधी विचारही केला नाही. तारखेचंही तसंच आहे. जी रीत जिभेवर लहानपणी बसते, ती सरळ वाटते. बाकीच्या सगळ्या उलट्या.

कुंभकोणममध्ये याचं एक सुंदर उदाहरण आहे. गणिती श्रीनिवास रामानुजन याच गावात वाढले. सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरचं त्यांचं घर आजही पाहता येतं. त्यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ चा, आणि तो दिवस आपण राष्ट्रीय गणित दिवस म्हणून पाळतो. त्यांच्या नावानं फिरणारा एक जादूचा चौकोन कदाचित तुमच्याही फोनवर आला असेल:

२२ – १२ – १८ – ८७
८८ – १७ – ९ – २५
१० – २४ – ८९ – १६
१९ – ८६ – २३ – ११

आडव्या ओळीची बेरीज करा, उभ्या ओळीची करा, तिरकी करा. दर वेळी १३९. आणि पहिली ओळ वाचा: २२-१२-१८८७. त्यांची जन्मतारीख, आपल्या रीतीनं! मुलांना ही बेरीज करायला लावा, त्यांना मजा येईल. पण हीच ओळ न्यू जर्सीच्या भाच्याला दाखवली तर त्याला तारीख दिसेल का? कदाचित नाही. त्याच्यासाठी ती १२ नं सुरू व्हायला हवी.

पायचा दिवसही असाच. अमेरिकेत १४ मार्चला ‘पाय दिवस’ साजरा होतो, कारण त्यांच्या लेखी ती तारीख ३/१४ होते. आपल्या रीतीनं ३/१४ कधीच येत नाही. पण शाळेत आपण पायची किंमत २२/७ अशी शिकलो. २२ जुलै हा दिवस आपल्या रीतीनं बरोबर २२/७ लिहिला जातो. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला आपापला पाय दिवस आहे.

एकाच गल्लीत चार चैत्र

इथपर्यंत सगळे एकच इंग्रजी कॅलेंडर वापरतात असं आपण धरून चाललो. पण तिरुनीलक्कुडीच्या घरात भिंतीवर एकच कॅलेंडर थोडंच असतं? एका खिळ्याला रोज एक पान फाडायचं तमिळ कॅलेंडर, दुसऱ्याला पुण्याहून आणलेलं मराठी. मग “चैत्राचा पहिला दिवस कधी?” असं विचारून पाहा.

२०२६ सालचंच उदाहरण घ्या. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे तिथला चैत्र होळीच्या पौर्णिमेनंतर लगेच, ४ मार्चला सुरू होतो. आपल्या पंचांगात महिना अमावास्येला संपतो, म्हणून आपला चैत्र गुढीपाडव्याला, १९ मार्चला. भारत सरकारच्या राष्ट्रीय कॅलेंडरातला चैत्र २२ मार्चला. आणि शेजारच्या तमिळ घरातला ‘चित्तिरै’ १४ एप्रिलला, कारण त्यांचा महिना चंद्रावर नाही, सूर्यावर चालतो. नाव एकच, दिवस चार.

वर्षाच्या नावाचंही तेच. साठ संवत्सरांची नावं आपल्याकडे आणि तमिळनाडूत सारखीच आहेत. पण आपलं ‘पराभव’ संवत्सर १९ मार्चला लागतं, तमिळ पराभव १४ एप्रिलला. मधले सव्वीस दिवस तुम्ही पराभव संवत्सरात राहता आणि भिंतीपलीकडचे शेजारी अजून विश्वावसूतच असतात. दोघं रोज एकमेकांशी बोलतात, पण पंचांगानुसार वेगवेगळ्या वर्षांतून!

शब्दही फसवतात. आपण ‘तिथी’ म्हणतो तेव्हा चंद्राची तिथी म्हणतो: चतुर्थी, एकादशी. तमिळमध्ये ‘तेदी’ म्हणजे साधी तारीख, जरी तो शब्द ‘तिथी’वरूनच आलेला असला तरी. आपण वापरतो तो ‘तारीख’ शब्द मात्र अरबी आहे.

सणांचं काय? तिरुनीलक्कुडीपासून जवळच गोविंदपुरम इथे विठ्ठल-रुक्मिणीचं मंदिर आहे. तिथं आषाढी एकादशीला जायचं, तर तमिळ शेजाऱ्याला काय सांगाल? २०२५ ची आषाढी ६ जुलैला होती, तेव्हा तमिळ महिना ‘आणि’ चालू होता. २०२६ मध्ये अधिक महिना असल्यानं ती २५ जुलैला येते, म्हणजे तमिळ ‘आडि’ महिन्यात. कुंभकोणमचा महामहम तर मासी महिना आणि मघा नक्षत्र यांच्यावर ठरतो, आणि साधारण बारा वर्षांनी येतो. १९९२ मध्ये तो १८ फेब्रुवारीला होता, २००४ मध्ये ६ मार्चला, २०१६ मध्ये २२ फेब्रुवारीला. लाखो लोकांच्या स्नानाचा दिवस, पण त्याला कायमची तारीख नाही. ज्याला पत्ता हवा त्यानं आकाशात पाहावं.

दगडावरची तारीख

हा गोंधळ आजचा नाही. तिरुनीलक्कुडीजवळच्या तिरुविडैमरुदूरला तंजावरच्या गादीवरून उतरवलेले अमरसिंह राजे येऊन राहिले होते. त्यांच्यानंतर १७९८ मध्ये गादीवर बसलेले दुसरे सरफोजी राजे यांनी १८०३ साली तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. तो काळ इंग्रजीत १८०३, शकात १७२५, संवत्सरात रुधिरोद्गारी. एका वर्षाला तीन नावं.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदपत्रांची मोठी बाडं आहेत. मराठेशाहीतले असे कागद वाचणाऱ्याला अनेक कालगणना एकत्र सांभाळाव्या लागतात. शक असतो, मुसलमानी महिन्याचा दिवस असतो, आणि ‘सुहूर सन’ असतो, जो अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘इसन्ने सबैन अलफ’ म्हणजे दोन, सत्तर, हजार. लहान आधी, मोठा शेवटी. एकूण १०७२. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, की इसवी सन मिळतो: १६७१-७२. दोन आकड्यांचा पर्याय का? कारण ते वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, सूर्य मृग नक्षत्रात गेला की सुरू होतं. शेतकऱ्याचं वर्ष पावसाबरोबर लागतं, ते त्याला सोयीचं होतं.

अशा कागदांत एक शहाणपणाची गोष्टही सापडते. जुने शिलालेख आणि पत्रं अनेकदा एकाच दिवसाचे दोन-तीन पुरावे देतात: तिथी, वार, कधी नक्षत्र. त्यामुळे एखादा आकडा चुकला तरी बाकीच्यांवरून तो पकडता येतो. याच धाग्यांवरून चोळांच्या शिलालेखांच्या तारखा ठरवल्या गेल्या. तमिळ अभ्यासक एल. डी. स्वामिकण्णू पिळ्ळै यांनी शतकानुशतकांच्या तिथी-तारखांची कोष्टकं त्यासाठीच तयार केली.

किनाऱ्यावरचे हरवलेले दहा दिवस

आता तिरुनीलक्कुडीहून समुद्राकडे जाऊ. सतराव्या शतकाच्या शेवटी नागपट्टणममध्ये डच व्यापारी होते आणि चाळीस किलोमीटरच्या आत, तरंगंबाडीला डॅनिश. दोघेही युरोपातले, दोघेही ‘इंग्रजी’ महिनेच वापरणारे. तरी डचांच्या वहीतली तारीख डॅनिशांच्या वहीपेक्षा दहा दिवसांनी पुढे असायची!

कारण असं. जुनं ज्युलियन कॅलेंडर सूर्याच्या मागे पडत चाललं होतं. म्हणून १५८२ मध्ये रोममध्ये ते सुधारलं गेलं आणि ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला. हॉलंडनं हे नवं ग्रेगोरियन कॅलेंडर लवकर घेतलं. डेन्मार्कनं १७०० मध्ये घेतलं, आणि इंग्लंडनं तर १७५२ मध्ये. तेव्हा इंग्लंडमध्ये २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला.

याचा धागा थेट आपल्या घरापर्यंत येतो. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, या दिवशी झाला. आपण त्याची तारीख ६ जून १६७४ अशी सांगतो. ती त्या काळच्या इंग्रजांच्या कॅलेंडरातली, म्हणजे ज्युलियन आहे. आजच्या कॅलेंडरानं तोच दिवस १६ जून येतो. १९ फेब्रुवारी १६३० ही जन्मतारीखही ज्युलियनच. आजच्या गणतीनं तो दिवस १ मार्च. फाल्गुन वद्य तृतीया मात्र दोन्हीकडे तीच राहते. दिवस बदलला नाही, त्याला दिलेला आकडा बदलला.

हे कळल्यावर तिथीनं की तारखेनं, या वादाकडे आपण जरा शांतपणे पाहू शकतो, नाही का?

अप्पांचा खरा वाढदिवस कोणता?

आता पुन्हा अप्पांकडे येऊ. त्यांचा ऐंशीवा नेमका कधी, हा प्रश्न तरी सोपा आहे का?

मराठी घरात तिथी पाहतात. तमिळ घरात सूर्याचा महिना आणि जन्मनक्षत्र. आधार कार्डावर असते ती तारीख. आणि ती तारीखही खरी असेलच असं नाही. महाराष्ट्रात एका विशिष्ट वयाच्या माणसांचे वाढदिवस विचारून पाहा. कितीतरी जणांचा १ जून निघेल! शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली, की गुरुजी शाळा सुरू होण्याच्या महिन्याचा पहिला दिवस लिहून टाकत. तीच तारीख पुढे नोकरीत, निवृत्तीत, पेन्शनमध्ये आणि पासपोर्टवर गेली. आईला आठवायचं ते वेगळंच: “श्रावणातला सोमवार होता, पाऊस कोसळत होता.”

हसू येतं, पण पेन्शनच्या कागदावर एक तारीख, बँकेत दुसरी आणि पासपोर्टवर तिसरी असली, की म्हाताऱ्या माणसाला खेटे घालावे लागतात. त्यात कोणी दिवस आणि महिना उलटा टाइप केला, तर आणखी एक चौथी तारीख जन्माला येते. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कागदांवरच्या तारखा एकदा शेजारी शेजारी ठेवून तपासा. गरज पडण्याआधी तपासलेलं बरं.

मग तुम्ही काय करू शकता?

सगळं जग एका रीतीनं लिहील, याची वाट पाहायची गरज नाही. काही साध्या सवयी पुरतात.

• महिना अक्षरांत लिहा. “७ ऑगस्ट २०२६” जगात कुठेही एकाच तऱ्हेनं वाचलं जातं. विमान तिकिटांवर महिना अक्षरांत असतो, तो याचसाठी.

• वारही लिहा. जुन्या शिलालेखांची हीच युक्ती. “शुक्रवार, ७ ऑगस्ट” असं लिहिलं असतं, तर भाच्याला ८ जुलै हा बुधवार दिसला असता आणि त्यानं तिकीट काढण्याआधी फोन केला असता.

• वर्ष चारही आकड्यांत लिहा. ५/६/२० असं लिहिलेल्या कागदावर पुढे आणखी दोन आकडे कोणीही घालू शकतं. करारावर, पावतीवर, चेकवर तर कधीच आखडतं घेऊ नका.

• चेकवरच्या आठ चौकटी ओळखा. दोन दिवसाच्या, दोन महिन्याच्या, चार वर्षाच्या. एक आकडी दिवसाआधी शून्य लिहा. आणि हो, राष्ट्रीय शक कॅलेंडराची तारीख घातलेला चेकही बँकेनं स्वीकारावा, असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलेलं आहे. मात्र तीन महिन्यांची मुदत त्यालाही लागू असते.

• फायलींना वर्ष आधी घालून नाव द्या. २०२६-०८-०७ अशी रीत आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनं १९८८ मध्येच ठरवून दिली. फोटो आणि कागद या रीतीनं ठेवले, की फोन ते आपोआप काळाच्या क्रमानं लावतो. अप्पांच्या दवाखान्याच्या रिपोर्टना आजच तशी नावं देऊन पाहा. पुढच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, की शोधाशोध करावी लागणार नाही.

• परदेशी पाकिटावर १२ पेक्षा मोठा आकडा शोधा. त्याच पाकिटावर कधीकधी तयार केल्याची तारीखही असते. त्यातला एखादा आकडा १३ किंवा त्याहून मोठा असेल, तर तो दिवस. मग क्रम कळला. तरी शंका असेल तर आधीची तारीख खरी धरा. औषध असेल तर औषधवाल्याला विचारल्याशिवाय देऊ नका.

• परदेशी फॉर्म भरताना चौकटीखालची अक्षरं वाचा. दिवस आधी मागितला आहे की महिना, हे तिथं बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. घाईत आपला हात सवयीनं चालतो.

• तिथीचा कार्यक्रम असेल तर तारीखही सांगा. “आषाढी एकादशी, शनिवार, २५ जुलै २०२६.” तिथी घरातल्या मोठ्यांसाठी, तारीख परदेशातल्या मुलांसाठी. दोघांनाही मान मिळतो.

शेवटची सवय सगळ्यात महत्त्वाची: विचारा. “सातवा महिना की सातवी तारीख?” हा प्रश्न विचारायला पाच सेकंद लागतात. तो विचारला म्हणून कोणी तुम्हाला अडाणी समजणार नाही.

पुन्हा एकदा तोच मेसेज

आता कल्पना करा, भाच्याचा फोन आला आहे आणि तुम्ही गप्प आहात. रागावून काय होणार? तो ज्या देशात शिकला, तिथलंच त्यानं वाचलं. तुम्ही त्याला सांगता, “अरे, ऑगस्ट. सात ऑगस्ट.” पलीकडून आधी शांतता, मग “ओह नो, मामा!” आणि मग दोघंही हसता, कारण दुसरं करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

कदाचित तिकीट बदलता येईल, दंड भरून. कदाचित येणार नाही, आणि तो जुलैतच येऊन आजोबांजवळ सहा दिवस राहील, त्यांच्याबरोबर देवळात जाईल, त्यांच्या तोंडून तंजावरी मराठी ऐकेल. अप्पांना विचाराल तर ते म्हणतील, “अरे, नातू आला तो दिवस माझा वाढदिवस. तुम्ही कुठला आकडा लिहिता त्याच्याशी मला काय?”

त्यांचं म्हणणं खरं आहे. पण सगळ्यांनाच अप्पांसारखे आजोबा नसतात, आणि सगळी तिकिटं बदलून मिळत नाहीत. म्हणून पुढच्या वेळी ग्रुपवर मेसेज टाकण्याआधी क्षणभर थांबा. ०७/०८ खोडा आणि लिहा:

“शुक्रवार, ७ ऑगस्ट २०२६.”

चार-पाच अक्षरं जास्त टाइप करावी लागतील. पण पुण्याच्या आत्या आणि न्यू जर्सीचा भाचा एकाच दिवशी, एकाच पंगतीत, अप्पांच्या शेजारी बसलेले असतील.